आईचा आकडा

लेकीला आईकडून मिळतात पाटल्या, फार तर पैठणी. ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरीच्या लॉरेन जॅक्सनने घेतला 15 हा आकडा! देशाच्या बास्केटबॉल संघात आई तोच अंगावर मिरवीत असे. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकात लेक अवघी 19 वर्षांची. अंतिम सामन्याच्या धुमश्चक्रीत अमेरिकेच्या लिसा लेस्लीचे गंगावनच तिच्या हाती आले. (मराठी शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण या शब्दाला इतके ताजे उदाहरण सापडले नव्हते!) पदक रुप्याचे. पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ती तीनदा सर्वोत्कृष्ट ठरली. 2016 साली गुडघ्याने खेळ सोडायला लावला. घरी दोन मुलगे झाले. आता ही आई कसली खेळते, असे मीही म्हटले असते. 2022 साली, वयाच्या 41 व्या वर्षी, विश्वचषकातल्या कांस्यपदकाच्या सामन्यात तिने एकटीने 30 गुण केले. गाव पुन्हा सिडनीच.