बुरूड आळींतील चिकाचे पडदे

वैशाख लागला कीं आमच्या घरांतील पश्चिमेकडच्या खोलींत दुपारीं बसवत नाहीं. मातोश्रींचें अंथरूण नेमकें त्याच खोलींत. जिना चढवत नसल्यामुळें त्यांना दुसरीकडे हलवितां येत नाहीं. म्हणून आम्हीं विणलेल्या लांकडी पट्ट्यांचा एक झोंकदार पडदा आणून तावदानांच्या आंतल्या अंगास बसविला. खोलीस शोभा आली. उकाडा होता तेथेंच राहिला. मातोश्री म्हणाल्या, "ऊन आधीं घरांत घेतोस आणि मग त्याच्यापुढें पडदा लावतोस! बाहेरून चिकाचा पडदा सोड."

तो आणावयास आम्ही पुण्याच्या बुरूड आळींत गेलों. सुपें, टोपल्या, शिड्या आणि भिंतींशीं उभे केलेले बांबू यांतून वाट काढीत एका दुकानाशीं पोहोंचलों. पायरीवर एक वृद्ध बाई बांबू चिरीत बसल्या होत्या. तेथील दोन पडदे दिसावयास अगदीं सारखे, पण किंमतींत बरेंच अंतर. कारण विचारतां बाईंनीं दोन कामट्या आमच्या हातीं दिल्या. "काका, वांकवून बघा."

हिरव्या सालीकडची कामटी वांकली. गाभ्याची कटकन् मोडली. बांबूचे तंतू बाहेरच्या अंगास दाट असतात, आंतला भाग मऊ व पिठूळ. भुंगेऱ्याची धाड पडते ती त्या पिठावर. पडद्याखालीं रोज सकाळीं पिवळसर भुकटी झाडणाऱ्या गृहिणींस हें निराळें सांगावयास नको. आम्हीं अर्थातच महागडा पडदा घेतला.

उत्तर हिंदुस्थानांत चिक सरकांड्याचेहि करतात. विदर्भांतील वाळ्याचे ताटे पाणी शिंपडून खोली गार करतात खरे, परंतु ती करामत कोरड्या हवेची. कोंकणच्या दमट हवेंत त्यांचा तितकासा उपयोग नाहीं. जपानांत ‘सुदारे’ नांवाचे बांबूचे पडदे उन्हाळ्यांत वळचणीखालीं, खिडकीच्या बाहेर टांगतात. मातोश्री जपानास कधीं गेल्या नाहींत; पण मर्म त्यांनीं ओळखलें होतें. काचेंतून ऊन सहज आंत शिरतें, आणि त्यानें तापलेल्या पडद्याची उष्णता मग खोलींतच कोंडते. पडदा बाहेर असला कीं तापतो तो बाहेरच, आणि वारा ती उष्णता घेऊन जातो.

आतां खिडकीपासून वीतभर अंतरावर तो पडदा सोडला आहे. मातोश्री दुपारीं पडल्यापडल्या गल्लींतून कोण गेलें, कोण आलें, तें आम्हांस सांगतात; रस्त्यावरून मात्र त्या कोणास दिसत नाहींत. रात्रीं दिवा लागला कीं हा न्याय उलटतो, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें. पहिल्याच रात्रीं समोरच्या गच्चीवरून हांक आली, "काकू, अजून झोंपला नाहीं का?" तेव्हांपासून तिन्हीसांजेस आंतला कापडी पडदा ओढण्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे आहे.