बाबांच्या मनगटावरील वळ

माझे बाबा शांत स्वभावाचे गृहस्थ म्हणून आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यात सर्वांस परिचित होते. सत्तरी उलटली तरी सायंकाळी घरच्या वेदीपुढे रोझरी तेच सांगत. त्यांच्या तोंडून कधी उणा शब्द निघाल्याचे कोणास आठवत नसे. अशा माणसाने एका पावसाळ्यात जपमाळ भिरकावून दिली आणि आईलाच "तू कोण?" असे विचारले, तेव्हा आमच्यावर जणू आभाळच कोसळले.

आठ दिवसांत त्यांचे वागणे पार पालटले. दिवसभर ते झोपून राहत आणि रात्री उठून, कधीच वारलेल्या आपल्या थोरल्या भावास हाका मारीत. "हे बाहेरचे आहे," असे शेजारीपाजारी कुजबुजू लागले. एके रात्री ते विहिरीच्या दिशेने धावले. मी व माझ्या चुलतभावाने त्यांना धरून आणले आणि खाटेला दोरीने बांधले. शेवटची गाठ मी स्वतः मारली. रात्रभर ते सुटण्यासाठी धडपडत होते.

पहाटे मी आमच्या धर्मगुरूंकडे गेलो आणि अपदूत घालविण्याची प्रार्थना करावी म्हणून त्यांना विनविले. ते तातडीने घरी आले. त्यांनी बाबांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि प्रथम दोरी सोडावयास लावली. मग मला अंगणात नेऊन म्हणाले, "अरे, अमुक एकास अपदूताने पछाडले आहे असे सहजासहजी मानू नये, आजाराची लक्षणे वेगळी ओळखावीत, असे ख्रिस्तसभेने १६१४ च्या विधिग्रंथातच आम्हांस बजावले आहे. १९९९ साली विधी सुधारला, तेव्हाही ही सावधगिरी कायम राहिली. प्रार्थना मी करतोच. तू आधी गाडी बघ."

बेळगावच्या रुग्णालयात रक्त तपासले. पोटॅशियम नावाचा क्षार रक्तात साधारणतः दर लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असावा. बाबांच्या रक्तात तो ७ च्या वर गेला होता. हृदयाच्या आलेखावरील लहरी उंच व टोकदार झाल्या होत्या. डॉक्टरांनी क्षणाचाही विलंब न लावता हृदयाच्या रक्षणार्थ कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, पाठोपाठ ग्लुकोज व इन्शुलिन दिले आणि त्याच दिवशी डायालिसिस सुरू केले.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितले. हा क्षार जगण्यास आवश्यकच आहे. पण जास्त झालेला भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मधुमेहाने बाबांची मूत्रपिंडे थकली होती. बाहेर जावयाची घाण रक्तातच साठली आणि तिने मेंदूवर झापड आणली. विचित्र वागणे मुख्यतः तिचे होते. पोटॅशियम मात्र गाजावाजा न करता हृदयावर घाला घालीत होते. बांधलेला माणूस धडपडला की स्नायूंना इजा होते आणि त्यांतील पोटॅशियमही रक्तात उतरते, हे ऐकून मी मान खाली घातली.

"घरी काय काय देत होता?" त्यांनी विचारले. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, रक्तदाबासाठी चांगले म्हणून आणलेले कमी सोडियमचे मीठ, आणि अशक्तपणा जावा म्हणून रोज दोन शहाळी! त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असते; पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ते सुमारे ४०० ते ५०० मिलिग्रॅम असते. दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडांना आणखी दुबळे करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. निरोग्यास जे अमृत, ते बाबांना मी मायेने विष म्हणून पाजीत होतो.

तिसऱ्या दिवशी बाबांनी आईला नावाने हाक मारली व जपमाळ मागितली. ती हाती घेताना त्यांचे लक्ष मनगटावरील काळ्यानिळ्या वळाकडे गेले. "हे रे कशाचे?" त्यांनी विचारले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे ते दोन वर्षे जगले. पण त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना कधीच देऊ शकलो नाही. ते पापनिवेदनात मात्र सांगितले.

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध माणूस चार-आठ दिवसांत मुलखावेगळे वागू लागला, तर त्यास वेडा वा झपाटलेला म्हणू नका आणि दोरीला हात लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. साखर, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासून घ्या. मूत्रपिंडाच्या रोग्यास शहाळे, केळी वा वेगळे मीठ देण्यापूर्वी डॉक्टरांस विचारा. मात्र चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. प्रार्थना अवश्य करा. आमच्या घरी ती दोरी सोडण्यापासून सुरू झाली.