आमच्या रंगाची शेड

सोलापूरच्या उन्हाविषयी सोलापूरकरांना काही सांगायला नको. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पाऊस येईपर्यंत खाली उतरायचं नाव घेत नाही. शाळा सकाळच्या होतात, पण सुटताना डोक्यावर ऊन असतंच. शिवाय शिक्षकाची नोकरी म्हणजे केवळ वर्ग नव्हे. मतदारयाद्या, सर्वेक्षण, शाळेत न येणाऱ्या मुलांचा शोध, ही सगळी कामं घरोघरी फिरून करायची. २०२४ ची लोकसभा निवडणूक आमच्याकडं ७ मे रोजी झाली. त्याआधी आमच्यातल्या ज्या मतदारांच्या घरी फिरल्या, त्यांच्या चेहऱ्यावर ते ऊन थेट दिवाळीपर्यंत दिसत होतं.

आम्ही म्हणजे उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या सात शिक्षिका, बहुतेक तिशीतल्या. तिघी नकाब लावतात, दोघी बुरखा आणि स्कार्फ वापरतात, दोघी नुसती ओढणी घेतात. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कधी ना कधी हा विषय निघतोच : रोज शाळेत येताना चेहऱ्याला लावायचं काय, फाउंडेशन की रंग असलेलं सनस्क्रीन?

काही वाचक हसतील. तलाक, पोटगी, शिक्षणाचं माध्यम असे विषय सोडून बायका तोंडाला काय लावतात यावर लेख! पण हा प्रश्न आमच्यापुढं रोज सकाळी साडेसहाला आरशात उभा राहतो. तलाकचा रोज उभा राहत नाही, अल्हम्दुलिल्लाह.

आमच्या आज्यांच्या वेळी हा प्रश्न नव्हता. त्यांच्याकडं सुरमा, मेंदी आणि ज्याला सगळ्या सरसकट ‘स्नो’ म्हणत ते, एवढंच होतं. अफगाण स्नो हे क्रीम पाटणवाला यांनी मुंबईत १९१९ मध्ये काढलं, म्हणजे या देशी धंद्याच्या सुरुवातीलाच एक मुसलमान कारखानदार उभा आहे. नाव मात्र बर्फाचं! गव्हाळ आणि सावळ्या बायकांच्या मुलखात क्रीमचं नाव बर्फावरून ठेवलं गेलं आणि कुणाला ते खटकलं नाही. १९५२ मध्ये लॅक्मे आली. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि आमच्या आयांच्या पेटीत जाऊन बसली. २०२० मध्ये तिनं नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ लावला. आमच्या एका सहकारी बाजीची सासू अजूनही दुकानात जुन्याच नावानं मागते आणि दुकानदार न विचारता बरोबर तेच काढून देतो.

आता या दोन वस्तूंकडं वळू. फाउंडेशनचं काम झाकणं. डाग, पुटकुळ्यांच्या खुणा, डोळ्यांखालचं काळं, सगळ्यांवर एकसारखा रंगाचा हात फिरवायचा. सनस्क्रीनचं काम ऊन अडवणं. साध्या सनस्क्रीनची आमच्यासारख्यांना अडचण अशी, की त्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड बऱ्यापैकी असलं तर ते पांढरं दिसतं. गोऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं. आमच्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं आणि पहिल्या तासालाच मुली विचारतात, “बाजी, तबियत ठीक नै क्या?” रंग असलेल्या सनस्क्रीनमध्ये ही राख दिसू नये म्हणून पिवळा, तांबडा, काळा असे लोहाचे ऑक्साइड मिसळतात. साध्या भाषेत हा गेरूचाच भाऊबंद. कुंड्यांना लावतो त्या गेरूचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, फक्त चेहऱ्यासाठी वापरतात तो शुद्ध केलेला असतो. (कुंडीचा गेरू कुणी तोंडाला लावू नये. हे लिहावं लागतं, कारण आमच्या मुली काहीही करून बघतात.)

हा गेरू केवळ दिसण्यापुरता नाही. अतिनील किरण त्वचा काळवंडतात हे आपण ऐकलेलं असतं. पण डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही गडद त्वचेला काळवंडतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या त्वचातज्ज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलं : दिसणाऱ्या प्रकाशानं सावळ्या-काळ्या त्वचेवर टिकाऊ काळेपणा आला, गोऱ्या त्वचेवर तो आला नाही. पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड अडवतात. म्हणजे ज्या त्वचेला या रंगाची खरी गरज आहे ती आमची, आणि साधं सनस्क्रीन पांढरं फटक दिसतं तेही आमच्याच चेहऱ्यावर.

तिशी ओलांडलेल्या बायकांना हे वांगावरून लवकर पटतं. पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात गालांवर आणि कपाळावर तपकिरी छटा येते. मराठीत वांग, आमच्या घरांत झाइयाँ. काहींची आपोआप जाते, काहींची मुक्काम करते. ऊन लागलं की ती पुन्हा उठून बसते. डॉक्टरचं मलम रात्री लावायचं आणि सकाळी उघड्या तोंडानं स्कूटीवर बसायचं, म्हणजे एका हातानं पुसायचं आणि दुसऱ्या हातानं लिहायचं. फाउंडेशन हे वांग झाकतं. त्यातही लोहाचे ऑक्साइड असतात, त्यामुळं अगदीच निरुपयोगी म्हणता येत नाही. पण त्याच्या डबीवर ‘एसपीएफ’ लिहिलेलं असतं त्यावर आमचा फारसा विश्वास नाही. एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देतात. चेहरा आणि मान धरून साधारण दोन बोटांच्या लांबीच्या दोन रेषा. इतकं फाउंडेशन थापलं तर आम्ही शाळेत नव्हे, नाटकात उभ्या राहू. फाउंडेशन वाटाण्याएवढं घेतात, मग आकडाही तेवढाच उरतो.

नकाब लावणाऱ्या तिघींचं गणित आणखी वेगळं. घट्ट विणीचं काळं कापड ऊन चांगलं अडवतं, झिरझिरीत जॉर्जेट तेवढं नाही. पण डोळ्यांभोवतीची आणि कपाळाची पट्टी उघडीच राहते. दोन उन्हाळ्यांत चेहऱ्याचे दोन रंग होतात, वर एक, खाली एक. वर्गात नकाब खाली घेतला की ते दिसतं. त्या तिघींपैकी एक फक्त त्या पट्टीलाच सनस्क्रीन लावते आणि म्हणते की तिची ट्यूब सगळ्यांत जास्त पुरते. नकाबाच्या आतून फाउंडेशन लावलं तर सुट्टीपर्यंत निम्मं कापडाला लागलेलं असतं, हाही अनुभव त्यांचाच.

मग वजू. चेहरा धुणं हे वजूतलं फर्ज आहे आणि पाणी त्वचेपर्यंत पोहोचलं पाहिजे. मेंदीचा नुसता रंग राहतो म्हणून मेंदी चालते, नेलपॉलिशचा थर राहतो म्हणून ते काढावं लागतं. हे आमच्या पाचवीतल्या मुलीही सांगतील. दिवसभर टिकणाऱ्या फाउंडेशनचं तसंच आहे. पाण्यानं, घामानं हलत नाही हा जाहिरातीतला त्याचा मोठा गुण, आणि जुहरच्या वेळी तीच त्याची अडचण. ते काढायला तेल किंवा क्लेन्झर, कापूस, आरसा आणि दहा मिनिटं हवीत. मधली सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात डबा, नमाज आणि दोन पालक भेटायला आलेले. म्हणून बायका वजू ‘सांभाळतात’. लग्नाच्या हॉलमध्ये आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय : असरला वजू करून मेकअप केलेली नवरीची बहीण बिर्याणीकडं बघते, खात मात्र नाही. एका संध्याकाळपुरतं ते ठीक. रोज सकाळी सातपासून जुहरपर्यंत वजू सांभाळत सहावीचा वर्ग घेणं हा सबर आमच्यात नाही.

सनस्क्रीनही पाण्याला दाद न देणारं मिळतं, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. तेही साबणानं धुवावं लागतं. पण साधं असेल तर फेसवॉशनं दोन मिनिटांत निघतं. आणि गंमत अशी की उन्हात असताना सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. ऊन कडक असण्याच्या वेळेच्या मधोमध जुहर येते. धुतल्याचं दुःख नाही, ते नाही तरी धुवायलाच आलं होतं. ही सोय आम्हांला फार पसंत आहे.

एवढ्यावर निकाल लागायला हवा होता. लागत नाही, कारण शेड. रंगाचं सनस्क्रीन बहुतेक कंपन्या एक-दोनच शेडमध्ये काढतात, फार तर तीन, आणि आमच्या बाजारात पोहोचते ती उजळ शेड. फाउंडेशन निदान दहा-पंधरा शेडमध्ये मिळतं. तिथंही दुकानदार मनगटावर एक रेघ ओढतो आणि म्हणतो, “बाजी, एक शेड लाइट लेव, चेहरा खुलता.” नवी पेठेत असो की रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारात, हे वाक्य ठरलेलं. बुरख्यातली बाई मनगटच पुढं करते. ते मनगट बाहीत राहिलेलं असतं, चेहऱ्याहून उजळ. शेड बघायची ती जबड्याच्या कडेला, मानेला लागून आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग छान दिसतात.

एक शेड लाइट. हे वाक्य दुकानदाराचं नाही, आपलंच आहे. रिश्ता बघायला आलेल्या बायका मुलीच्या चेहऱ्याकडं कमी आणि मानेकडं, कानामागं, कोपराकडं जास्त बघतात. चेहऱ्यावर लावलेलं असतं हे त्यांना ठाऊक असतं, कारण त्यांनी स्वतःच्या मुलीलाही ते लावलेलं असतं. ‘रंग जरा दबता है’ एवढ्या चार शब्दांवर एम.ए., बी.एड. झालेल्या मुलींची स्थळं परत गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्यानंतर ती मुलगी नोकरीला लागते आणि पहिल्या पगारातून एक शेड लाइट घेते.

आमच्यातल्या एका बाजीच्या गालावर आणि हनुवटीजवळ कोड आहे. आमच्या चर्चेत ती एकटी फाउंडेशनच्या बाजूनं बोलते आणि तिच्यापुढं आमचे सगळे मुद्दे ढिले पडतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीची आजी वर्गाच्या दारात उभी राहून विचारत होती, “बाजी के मुँह को क्या हुआ जी? बच्चियों को लगता नै ना?” कोड संसर्गानं होत नाही. हे त्या आजीला सांगितलं, तिनं मान हलवली आणि नातीला मागच्या बाकावर बसवायला सांगून गेली. त्या दिवसापासून ही बाजी फाउंडेशन लावते. पांढऱ्या डागांवर रंगद्रव्य नसल्यानं ते उन्हात पटकन भाजतात, म्हणून खाली सनस्क्रीन, वर फाउंडेशन. नमाजला दोन्ही धुते, पुन्हा लावते, आणि बहुतेक दिवस तिचा डबा तसाच परत जातो. आम्ही सात जणींत फक्त तीच फाउंडेशन आपल्या खऱ्या रंगाचं घेते, गडद गव्हाळ. डाग त्वचेत मिसळायचा तर दुसरा इलाज नाही. आम्ही बाकीच्या उजळ व्हायला ते लावायचो, ती सावळी व्हायला लावते. दुकानदार तिलाही एक शेड लाइट सुचवतो.

वर्गातल्या मुली हे सगळं बघत असतात. नववीच्या मुलींच्या दप्तरात नाव-गाव नसलेल्या डब्या सापडतात. लावलं की आठ दिवसांत गोरेपणा, आणि बंद केलं की लाली, खाज, पुरळ. हे बहुधा स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती गल्लीत मिळतात. पाऱ्याचं तर आणखी भयंकर. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली : एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरेपणाचं क्रीम वापरून मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडल्या आणि क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही त्याच सुमारास तसेच रुग्ण पुढं आले. ही दोन्ही कात्रणं आम्ही विज्ञानाच्या तासाला वाचून दाखवली. मुली शांत झाल्या. मग एकीनं विचारलं, “बाजी, तो तुमे क्या लगाते?”

हा प्रश्न रास्त होता. जिच्या गालावर काही नाही अशा बाईनं रोज शाळेत यायला रंगाचं सनस्क्रीन लावावं असं आमचं मत त्यानंतर पक्कं झालं, आणि ते लावावं मानेशी जुळणाऱ्या शेडचं. फाउंडेशन ईदला, लग्नाला. त्या बाजीला मात्र आम्ही काही सुचवत नाही.

खर्चाचा मुद्दा राहतो. दोन बोटांचा हिशेब धरला तर एका वेळेला साधारण एक ग्रॅम लागतं. सकाळी आणि जुहरनंतर असं दोनदा लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपते. शिक्षण सेवकाच्या मानधनावर काम करणाऱ्या आमच्या धाकट्या सहकारिणीला ते परवडत नाही. ती छत्री वापरते आणि सकाळी एकदाच लावते. छत्रीची टिंगल आम्ही बंद केली आहे, उलट आता तीन छत्र्या झाल्या आहेत.

गडद शेड मागितली तर दुकानदार म्हणाला, “डार्क कौन लेता बाजी, पडके रहती.” आम्ही सांगितलं, चौघी घेतो, नावं लिहून घ्या. त्यानं पावतीच्या पाठीवर नावं लिहून घेतली आणि पुढच्या मालात चार ट्यूब मागवल्या आहेत. पाचवी स्वतःच्या बायकोसाठी मागवतोय, असं हळूच म्हणाला.