चांगला पाय

शर्यतींचा नाद आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता. घोडा आमच्या घरात आला तो बुद्धिबळाच्या पटावर, नाहीतर 'घोडामैदान जवळच आहे' या वडिलांच्या धमकीत. खऱ्या घोड्यांची शर्यत मी पाहिली ती लहानपणी, मामाचे बोट धरून. त्या दिवशी एक घोडा वळणावर कोलमडला. माणसे धावली, भोवती कापडाचा आडोसा धरला गेला, आणि थोड्या वेळाने गोळीचा आवाज आला. "पाय मोडला म्हणून मारला?" मी विचारले. मामा म्हणाला, "घोड्याचा पाय मोडला की संपलेच." परतताना त्याने मला भेळ घेऊन दिली, पण ती काही घशाखाली उतरली नाही.

पुढे २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात गेलो होतो. त्या वर्षीची केंटकी डर्बी जिंकलेला बार्बारो नावाचा घोडा २० मे रोजी बाल्टिमोरच्या शर्यतीत उतरला, आणि सुरुवातीलाच त्याचा उजवा मागचा पाय मोडला. टेलिव्हिजनसमोर बसल्या बसल्या मी डोळे मिटून घेतले. पण गोळीचा आवाज आला नाही, रुग्णवाहिका आली. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन यांनी पाच तासांहून अधिक वेळ खपून, एक धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवून तो पाय जोडला. एका हाडाचे तर वीसहून अधिक तुकडे झाले होते.

त्यानंतर वर्तमानपत्रातली बार्बारोची खबर मी रोज हिला वाचून दाखवू लागलो. मला वाटले होते, अवघड ते हाड जोडणे. तसे नव्हते. अवघड होते ते घोड्याला शुद्धीवर आणणे. भूल उतरताच घोडा जिवाच्या भीतीने धडपडून उठतो आणि जोडलेले पुन्हा मोडून घेतो. १९७५ साली रफियन नावाची नामांकित घोडी अशीच गेली होती. म्हणून बार्बारोला तराफ्यात घालून कोमट पाण्याच्या हौदात तरंगत जागे केले. झाडल्या पायांना लागायला तिथे काही कठीण नव्हतेच.

"मग आता झोपून राहील बिचारा," ही म्हणाली.

पण घोड्याला महिनोन् महिने झोपवून ठेवता येत नाही. साडेचारशे-पाचशे किलोंचा तो देह उभाच राहणार, आणि मोडक्या पायाचा भार चांगल्या पायावर टाकणार. खुराच्या आत नख आणि हाड यांना धरून ठेवणारा एक नाजूक पदर असतो. सतत भार राहिला की त्याचे रक्त मंदावते आणि नख हाडापासून सुटू लागते. जुलैत बार्बारोच्या डाव्या पायाचे तेच झाले. पुढे दोन्ही पुढचे पायही गेले. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले, तेव्हा मोडलेला पाय बराचसा जुळून आला होता. आम्ही पुण्याला परतलो होतो. मुलाने फोनवर सांगितले, आणि ही पदराने डोळे पुसत आत गेली.

२०२२ च्या पावसाळ्यात मी अंगणात घसरलो आणि मांडीचे हाड मोडले. माझ्याही पायात पट्टी बसली. डॉक्टरांनी बजावले, "तीन महिने पायावर भार टाकायचा नाही." मी आज्ञाधारकपणे पडून राहिलो. घोड्यापेक्षा माणूस शहाणा तो एवढ्यापुरताच, असा विनोदही मी भेटायला येणाऱ्यांना ऐकवीत असे. ते हसत, आणि ही त्यांच्यासाठी चहा आणीत असे.

दिवाळीला मी काठी घेऊन चालू लागलो. सगळ्यांनी माझे कौतुक केले. त्याच आठवड्यात ही स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी दिसली. पाठ सरळ होत नव्हती. तीन महिने मला उठवणे, बसवणे, आंघोळ घालणे, रात्री दोनदा जागे होणे. "अहो, काही नाही, जरा उसण भरलीय," ती म्हणाली.

माझा पाय बरा कसा झाला, हे मला तेव्हा कळले. पायावर मी भार टाकला नव्हता हे खरे. पण तो भार कुठेतरी गेला होताच. बार्बारोची सगळी हकीकत मी हिला वाचून दाखवली होती, आणि अर्थ मात्र मला वरातीमागून घोडे यावे तसा सोळा वर्षांनी लागला.

तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो. साखर हमखास चुकते. यंदा नरकचतुर्दशीला पहाटे पाणीही मीच तापवणार आहे. परवा तसे सांगितले तेव्हा ही म्हणाली, "पुरे हो, पुन्हा घसराल!"

"तू बस," मी म्हटले.

आणि काय नवल, ती खरोखरच बसली.