घरातल्या घरातले येणे-देणे

एकतीस मार्चची रात्र सरली, की समूहातील प्रत्येक कंपनीचा हिशेबनीस आपापल्या वह्या मिटण्याच्या खटपटीस लागतो. आणि त्यानंतर काही आठवड्यांनी कर्जे देणारी कंपनी, विमा कंपनी, म्युच्युअल फंडाचा कारभार पाहणारी कंपनी, दलाली पेढी आणि या सर्वांचे भागभांडवल धारण करणारी मूळ कंपनी अशा साऱ्यांच्या तेरजा माझ्या मेजावर येऊन पडल्या, म्हणजे ज्या कामात माझ्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली त्या कामास आरंभ होतो. कचेरीत त्याला सगळे ‘कन्सोलिडेशन’ म्हणतात आणि छापील अहवालात ‘एकत्रित वित्तीय पत्रके’ असे भारदस्त नाव येते. मला मात्र मोडी दफ्तरांतून चालत आलेला ‘तेरीज’ हाच शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण तपशिलाच्या पसाऱ्यातून गोषवारा काढणे हा त्याचा अर्थ, आणि आमच्या साऱ्या कामाचे सारही तेच.

मी उमेदवारी करीत होतो तेव्हा असा गोषवारा काढण्याची सक्ती नव्हती. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या २१२ व्या कलमानुसार मूळ कंपनीच्या ताळेबंदामागे प्रत्येक उपकंपनीचा ताळेबंद टाचला जाई, आणि त्या जाडजूड बाडातून समूहाची खरी स्थिती हुडकून काढण्याचे काम वाचकाच्या चिकाटीवर सोपवलेले असे. पुढे २००१ च्या एप्रिलपासून एकविसावे लेखामानक आले, २०१३ च्या कायद्याने त्याला १२९ व्या कलमात पक्के स्थान दिले, आणि २०१८ पासून मोठ्या वित्तकंपन्यांना नव्या भारतीय लेखामानकांची चौकट लागू झाली. आता शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला वार्षिक निकाल साठ दिवसांच्या आत जाहीर करावे लागतात, आणि त्या साठांपैकी आमच्या वाट्याला किती उरतात हे उपकंपन्यांच्या वक्तशीरपणावर अवलंबून असते.

बेरजेच्या आधी प्रश्न येतो तो घरात कोणकोण आहे याचा. निम्म्याहून अधिक भाग हाती असले म्हणजे कंपनी आपली, हा जुना आणि सोपा नियम होता. नवे मानक त्याहून खोल शिरते आणि विचारते, की निर्णय कोणाचा चालतो, त्या निर्णयामुळे वरखाली होणारा नफातोटा कोणाच्या पदरात पडतो, आणि या दोहोंत काही नाते आहे काय. म्युच्युअल फंड चालवणारी कंपनी हजारो कोटींची खरेदी-विक्री आपल्या निर्णयाने करते, तरीही तो पैसा समूहाच्या ताळेबंदात येत नाही, कारण ती युनिटधारकांची मुनीम आहे आणि तिचा हक्क केवळ शुल्कावर. पण त्याच समूहाने एखाद्या योजनेत स्वतःची मोठी रक्कम गुंतवली, तर मुनीम कोठे संपतो आणि मालक कोठे सुरू होतो याचा निवाडा नव्याने करावा लागतो, आणि त्या निवाड्यावर मी पुष्कळ रात्री घालवल्या आहेत. ही यादी करण्याचे काम कारकुनी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१८ साल आठवावे. त्या वर्षी आयएल अँड एफएस समूहाचा कारभार नव्या संचालक मंडळाच्या हाती आला आणि मोजदाद केली तेव्हा त्या एका छत्राखाली तीनशेहून अधिक संस्था निघाल्या.

यादी ठरली, की बेरीज करणे यंत्राचे काम. आमची खरी कारागिरी त्यापुढच्या वजाबाकीत आहे. मूळ कंपनीने कर्ज देणाऱ्या उपकंपनीला पैसे पुरवले असतील, तर एकीच्या वहीत ते येणे आहे आणि दुसरीच्या वहीत देणे. दोन्ही नोंदी अगदी खऱ्या असतात. पण सारे घर एक मानले, की उजव्या खिशातून डाव्या खिशात गेलेल्या पैशाने कोणी श्रीमंत होत नाही आणि कर्जबाजारीही होत नाही, म्हणून दोन्ही काढून टाकाव्या लागतात. त्यावरचे व्याज काढावे लागते, आणि ते कर्ज बुडू शकेल या शक्यतेपोटी मूळ कंपनीने केलेली तरतूदही उलटवावी लागते, कारण आपणच आपले पैसे बुडवण्याची तरतूद करण्यात अर्थ नाही. ही शेवटची नोंद नवशिक्यांकडून हमखास विसरली जाते.

विमा कंपनी आपल्या नियामकाला जुन्या पद्धतीने हिशेब देत आली आहे, म्हणून आमच्यासाठी तेच वर्ष तिला नव्या मानकांनुसार पुन्हा मांडावे लागते. बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा वेगळा दाखवावा लागतो. उपकंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेहून जास्त मोजलेली किंमत गुडविल म्हणून उरते, आणि दरवर्षी ती तपासावी लागते. हे सारे कष्टाचे, पण त्याची वाट मळलेली आहे.

वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतरच्या एका वर्षीची गोष्ट मला विसरता येत नाही. मूळ कंपनी इमारत आणि संगणकव्यवस्था पुरवते आणि त्यापोटी उपकंपन्यांकडून शुल्क घेते. त्या शुल्काची रुजुवात चालू असताना कर्ज देणाऱ्या उपकंपनीचा खर्च मूळ कंपनीच्या उत्पन्नाहून थोडा अधिक निघाला. रक्कम लेखापरीक्षकांच्या सहनशीलतेच्या मर्यादेत होती, मागील वर्षीच्या फाइलीत तशीच रक्कम ‘किरकोळ फरक’ म्हणून एका ओळीत मिटवलेली दिसत होती, आणि माझ्याबरोबर काम करणारी एक तरुण मुलगी रात्री साडेदहाला मला म्हणाली, “सर, यंदाही त्याच ओळीत घालू का?”

मी तिला बिले काढायला सांगितली. ती निमूटपणे बसली, आणि एकेक बिल ताडून पाहताना तिच्याच लक्षात आले, की फरक सर्वत्र नेमका शेकडा नऊ आहे. शंभर रुपयांच्या शुल्कावर अठरा रुपये कर. कर्जे देणाऱ्या कंपनीला त्या करातली निम्मीच वजावट घेता येते, म्हणून नऊ रुपये तिच्या खर्चात मिसळतात आणि तिच्या वहीत शंभराऐवजी एकशे नऊ दिसतात. ते नऊ रुपये घरात फिरत नव्हते. ते सरकारी तिजोरीत जमा झाले होते, एकाच घरातल्या दोन खोल्यांमधील व्यवहारापायी कायमचे बाहेर गेले होते, आणि म्हणून सगळे काही वजा झाले तरी समूहाचा खर्च म्हणून त्यांनी मागे राहायलाच हवे होते. वर्षभर आम्ही ज्याला चूक समजून पुसत होतो, ती त्या सगळ्या बिलांत खरोखर घडलेली एकमेव गोष्ट होती.

त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवला नाही. तिने शंभरासमोर शंभर वजा केले, नऊ रुपये शुल्काच्या ओळीतून उचलून करांच्या ओळीत नेले, मागील वर्षाचा आकडाही दुरुस्त केला, आणि कारण काय ते समासात स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले. मग घड्याळाकडे न पाहता तिने दलाली पेढीची बिले पुढे ओढली.