ठिगळ लावण्याची वेळ

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत तयार झालेले सुटे भाग परदेशीं जावयाचे असले म्हणजे त्यांचीं खोकीं बहुधा न्हावा-शेव्याच्या बंदराची वाट धरितात. म्हणून त्या बंदरास ठेंच लागली कीं कळ येथवर येते. २७ जून २०१७ रोजीं अशी ठेंच लागली. आणि ती वादळामुळें नव्हे कीं संपामुळें नव्हे. मेर्स्क समूहाच्या ताब्यांतील गेटवे टर्मिनल्स या धक्क्याचे संगणक एकाएकीं बंद पडले. कोणता कंटेनर कोठें आहे व कोणत्या जहाजावर चढवावयाचा, हें सांगणारी वहीच जणूं कोणीं फाडून टाकिली. क्रेन धडधाकट होत्या, माणसें हजर होतीं, पण धक्क्याचें काम थांबलें.

या पीडेचें नांव नॉटपेट्या. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तींतून ती निघाली. तिनें खंडणी मागितली, पण तें केवळ सोंग होतें. हेतु नाशाचा होता. संगणकांनीं परस्परांस फाइली देण्याची विंडोजमध्यें जी सोय असते, तिच्यांत एक फट होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेस ती पूर्वींच ठाऊक होती. तिनें ती गुप्त राखून तिचें हत्यार केलें, आणि तें चोरीस जाऊन एप्रिल २०१७ मध्यें चव्हाट्यावर आलें. शेजाऱ्याच्या भिंतीस भगदाड पडलेलें पाहून जो गप्प बसतो, त्यास आम्ही सज्जन म्हणत नाहीं. मग तो केवढाहि बलाढ्य असो.

मायक्रोसॉफ्टनें तर १४ मार्च रोजींच दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजीं वॉनाक्रायनें हीच फट वापरून सुमारें १५० देशांत हाहाकार उडविला. इतका इशारा मिळूनहि जूनमध्यें पुष्कळ यंत्रें उघडींच होतीं!

मात्र ठिगळ लावलें कीं निश्चिंत झालों, असेंहि नाहीं. नॉटपेट्या एका यंत्रांत शिरला कीं तेथें राहिलेले परवलीचे शब्द उचलून दुरुस्त केलेल्या यंत्रांतहि जाई. मेर्स्कच्या जगभरच्या संगणकांची ओळख ठेवणारे सर्व्हर असेच नष्ट झाले. घाना देशांतील एक तेवढा वांचला, कारण त्या वेळीं तेथें वीज गेलेली होती. त्याच्या आधारें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक पुन्हा उभे केले गेले. वीज गेली कीं आम्ही भोसरीकर जे शब्द उच्चारितों, ते या मासिकांत छापण्याजोगे नाहींत. पण तिचा असाहि उपकार होऊं शकतो.

आमच्या परिचयाच्या एका लहान कारखान्यांत संगणकावर दुरुस्तीची सूचना महिनोन् महिने येते आणि ‘नंतर’ हें बटण दाबलें जातें. मालकांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “सर, यंत्र दोन तास थांबलें तर टेंपो चुकतो. आणि दुरुस्तीनंतर यंत्र बोलेनासें झालें तर भरून कोण देणार?” यास नुसता आळस म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं, जुन्या यंत्रांच्या बाबतींत ती भीति खरी असते. आम्ही एवढेंच सुचविलें कीं, प्रथम सर्व कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क तारेपासून सोडवून कपाटांत ठेवावी. ज्या जुन्या संगणकास दुरुस्ती सोसत नाहीं, त्याची इंटरनेटची तार काढावी. उरलेल्यांचें काम गुरुवारीं, यंत्रें बंद असतां, उरकावें. गेल्या गुरुवारीं प्रत निघाली. तार अजून तशीच आहे, आणि दुरुस्ती येत्या गुरुवारावर ठरली आहे.