पट्ट्याची तिरकी रेघ

सीट बेल्टची घंटी मुद्दाम त्रासदायक बनवलेली असते. गाणं मोठं करून ती दबत नाही, गप्पांच्या नादात विसरता येत नाही. पट्टा लावा, मी गप्प बसते, एवढा साधा सौदा असतो तिचा. पण पट्टा लावल्यावरही ती वाजतच राहिली तर?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी हा प्रश्न येऊन बसला. मुदखेडला आमची दीड एकर फुलं आहेत. गुलाब, काकडा, थोडा गलांडा. आमची आणि शेजारच्या तीन-चार शेतांतली फुलं पिकअपमध्ये भरून अण्णा पहाटे नांदेडच्या बाजाराला जातात. रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा, पण फुलाला घाई असते. काकड्याची कळी वाटेत उमलली की भाव उतरलाच म्हणून समजा.

अण्णांनी आयुष्यभर टेम्पो चालवला, पट्टा कधी लावला नाही. ही पिकअप घेतली तेव्हा घंटीला कंटाळून लावायला लागले. आम्ही दोघी मायलेकींनी वर्षानुवर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते त्या टिंगटिंगनं आठ दिवसांत केलं. आणि आता तीच बिघडली होती. आधी गतिरोधकावर गाडी उडाली की दोन-चार वेळा वाजायची. मग नांदेडपर्यंत सलग.

"पट्टा लावला तरी बोंबलायलंय. मग लावू कशाला?" अण्णा म्हणाले.

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर्क बिनचूक होता.

आईच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. पट्ट्यावर धूळ बसलेली असते, त्यामुळे अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर रोज खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी मळकट रेघ उमटायची. ती घासून काढताना आई रोज कुरकुरायची. एके दिवशी शर्ट पिळता पिळता म्हणाली, "चार दिस झाले, रेघ नाही येईना." तेवढंच. पुढं काही बोलली नाही, पण मला पुरेसं कळलं.

एका गॅरेजवाल्यानं अण्णांना दोन उपाय सांगितले होते. एक तर वायर तोडून टाकू. नाहीतर बक्कलात घालायची क्लिप घ्या, शे-दीडशेला मिळते, कटकट संपली. ही क्लिप तुम्ही पाहिली असेल. पट्ट्याच्या टोकाला जी लोखंडी पत्ती असते, तेवढीच नुसती. बक्कलात खोचली की गाडीला वाटतं माणसानं पट्टा लावलाय. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना ह्या क्लिपांची विक्री बंद करायला लावली. तेव्हा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. इतक्या लोकांना शांतता विकत घ्यायची होती.

आणि हे आपल्याकडचंच आहे असं नाही. तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोहलिन ह्या स्वीडिश इंजिनिअरनं १९५९ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आणला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा. माणसाला फेकायचं शास्त्र ज्याला येत होतं, त्यानंच माणसाला धरून ठेवायचं शोधलं. व्होल्वोनं ते पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. तरी लोक पट्टा लावेनात. म्हणून अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या पट्टा लावल्याशिवाय सुरूच होणार नाहीत, असा नियम आला. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसायची. लोक इतके भडकले की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं तो नियम काढून टाकला, वर घंटीसुद्धा आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजायची सक्ती करता येणार नाही असं ठरवलं. म्हणजे नको तेव्हा वाजणारी घंटी नसलेल्या घंटीपेक्षा वाईट, हे पन्नास वर्षांपूर्वीच कळून चुकलेलं. माणूस एकदा वैतागला की खऱ्या इशाऱ्याचंही ऐकत नाही.

मी नांदेडच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलाय. गाड्यांचं काम माझं नव्हे, पण तार ती तारच. रविवारी दुपारी मल्टीमीटर घेऊन पिकअपमध्ये शिरले.

पहिलं काम ऐकायचं. गाडीत घंट्या बऱ्याच असतात. दाराची, हँडब्रेकची, वेगाची. म्हणून घंटी वाजताना डॅशबोर्डवर कोणता दिवा लागतोय ते बघायचं. आमच्याकडे पट्टेवाल्या माणसाचा लाल दिवा लागत होता. म्हणजे गाडीला खरंच वाटत होतं की अण्णांनी पट्टा लावलेला नाही.

दुसरं, बक्कल. आत एक छोटा स्विच असतो. कचरा अडकला की पत्ती खालपर्यंत बसत नाही. आमच्या बक्कलातून काय निघावं? काकड्याच्या सुकलेल्या कळ्या, गजऱ्याचा दोरा आणि सांडलेल्या चहाचा चिकटा. सगळं साफ केलं. घंटी वाजतच होती.

तिसरं, सीटखालचं सॉकेट. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. सीटखाली पिवळं सॉकेट किंवा पिवळी वायर दिसली तर हात लावायचा नाही. ते एअरबॅगचं किंवा अपघातात पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचं असतं, ते काम शोरूमवाल्यांचं. आमच्या गाडीत तसलं काही नव्हतं. बॅटरीची तार काढली, बक्कलाचं सॉकेट सोडवलं आणि मीटर लावला. पत्ती काढली की मीटर बीप करायचा, घातली की गप्प. म्हणजे पट्टा लावला की स्विच जोडणी तोडतो. स्विच अगदी ठीक होता.

मग सॉकेट सुटंच ठेवून बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. आता जोडणी तुटलेली, म्हणजे गाडीनं पट्टा लावलाय असं समजून गप्प बसायला हवं होतं. घंटी वाजली. ह्याचा अर्थ एकच, सॉकेटपासून डॅशबोर्डकडं जाणारी तार मध्येच कुठंतरी गाडीच्या लोखंडाला टेकत होती.

बॅटरी परत काढली आणि टॉर्च घेऊन खाली वाकले. सीट ज्या पट्टीवर मागंपुढं सरकते, तिच्या कडेला तारेचं कातडं सोललेलं होतं. आतलं तांबं चमकत होतं. महिनाभरापासून चुलतभाऊ एक दिवसाआड गाडी न्यायचा. तो उंच, त्याची सीट मागं. अण्णा बुटके, त्यांची पुढं. रोज सरकणाऱ्या सीटखाली तार चेमटत गेली होती. घरात दोन ड्रायव्हर झाले, एवढंच कारण.

तार सांधली, वर स्लीव्ह चढवली, काळ्या लवचीक नळीत घालून पट्टीपासून लांब टायनं बांधली. खर्च चाळीस रुपये. गॅरेजवाल्याच्या क्लिपेपेक्षा स्वस्त.

मराठवाड्यात ह्या विषयाला एक जुनी सल आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गाडीच्या मागच्या सीटवर होते. पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्ष वर्धन म्हणाले होते. आमच्याकडे त्या दिवसाबद्दल अजून बोलतात, पण बोलणं पट्ट्यापाशी आलं की विषय बदलतो. कायद्यात पट्ट्यासाठी हजार रुपये दंड आहे, तो लोकांना पाठ आहे. दुसरा हिशेब कुणी करत नाही. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी एकदम थांबली, तर पट्टा नसलेला माणूस स्टिअरिंगवर आदळतो तो दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याच्या वेगानं.

सोमवारी पहाटे अण्णांनी चावी फिरवली. घंटी वाजली. पट्टा लावला, ती थांबली. पुन्हा पट्टा काढला, वाजली. लहान पोरासारखं तीनदा करून पाहिलं. मग म्हणाले, "आता खरं बोलायलंय, माय." आणि निघाले.

आता आळीतले लोक गाड्या दाखवायला आणतात. परवा एक काका आले, घंटी बंद आहे म्हणाले, त्यांचा हेडलाइटचा प्रॉब्लेम होता. बक्कलात क्लिप होती. हेडलाइट दुरुस्त केला आणि क्लिप काढून त्यांच्या हातात दिली. "ही काढल्यावर वाजंल की," ते म्हणाले. म्हटलं, "वाजू द्या काका. तुमचं स्विच चांगलं आहे." त्यांनी क्लिप खिशात टाकली. गल्लीच्या टोकापर्यंत टिंगटिंग ऐकू येत होती. वळणावर गाडी क्षणभर थांबली. मग आवाज बंद झाला. पट्ट्यानं की क्लिपेनं, इथून दिसलं नाही.